बोन मॅरो कॅरिओटाइप आणि जीन पॅनेल : वाशीतल्या लॅबची सेवा

रिपोर्ट चोख. कॅरिओटाइपसाठी, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, २० मेटाफेज (विभाजनाच्या टप्प्यातल्या पेशी) तपासलेले, बँडिंग (गुणसूत्रांवरचे पट्टे) स्वच्छ. ठरावीक जीनमधले बदल शोधणाऱ्या पॅनेलमध्ये स्टॅग२, रॅड२१, एसएमसी१ए, एसएमसी३ हे कोहेसिनचे (गुणसूत्रांच्या प्रती एकत्र धरून ठेवणाऱ्या प्रथिनसंकुलाचे) मुख्य जीन आहेत, हे फार बरं केलं. ईएलएन २०२२ (युरोपियन ल्युकेमियानेटची वर्गवारी) नुसार एएमएल या रक्ताच्या तीव्र कर्करोगामध्ये स्टॅग२चं म्युटेशन सहसा रुग्णाला प्रतिकूल (आजाराचा अंदाज वाईट असलेल्या) गटात नेतं, आणि कॅरिओटाइपमध्ये ते दिसत नाही. शिवाय स्टॅग२ गमावलेली पेशी स्टॅग१ या त्याच्या जोडीच्या जीनच्या आधाराने तगते. औषधाचं लक्ष्य म्हणून स्टॅग१कडे पाहिलं जातंय ते त्यामुळेच.

पिकअप मात्र ढिसाळ. ठाण्याहून नमुना चक्क बर्फावर नेला! थंडीने पेशी मरगळतात, मेटाफेज कमी मिळतात. हिरव्या हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) ट्यूबमध्ये पहिल्या अ‍ॅस्पिरेटचे (सुईने पहिल्यांदा ओढलेल्या मॅरोचे) २-३ मिली, खोलीच्या तापमानालाच द्या. पॅनेलसाठी जांभळी ईडीटीए ट्यूब वेगळी, कारण हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवतं.