स्लो कुकरमधले कोंबडीचे सूप: चवीला पैकीच्या पैकी, बटणांना भोपळा

दिवाळीच्या सवलतीत घेतलेल्या साडेतीन लिटरच्या, बटणांच्या स्लो कुकरविषयी (मंद आचेवर तासन्‌तास अन्न शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याविषयी) लिहायचे बरेच दिवस मनात होते. परवाच्या वळवाने अखेर लिहायला लावले. रात्री निजताना गावठी कोंबडीचे सूप मंद आचेवर लावले होते. मध्यरात्री वारा सुटून वीज गेली आणि काही वेळाने परतही आली, पण कुकर काही पुन्हा सुरू झाला नाही. पहाटे पाहते तर पडद्यावर दोन आडव्या रेघा लुकलुकत होत्या आणि भांडे हाताला जेमतेम कोमट लागत होते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यांतील काहींनी सोडलेले विष नंतर कितीही उकळले तरी जात नाही, त्यामुळे सगळे टाकून द्यावे लागले. गावठी कोंबडीचा सध्याचा भाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना माझ्या संतापाचे कारण वेगळे सांगायला नको.

सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा कुकर घरात आला. कोल्हापुरात आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि लहान मुलांना अळणी, म्हणजे मटणाचे बिनमसाल्याचे पाणी, पाजण्याची रीत जुनीच आहे. रविवारी मटण शिजले की मसाला पडण्यापूर्वी वाटीभर अळणी बाजूला निघते आणि उरलेल्यातून पांढरा रस्सा होतो. रोजच्या रोज मटण परवडणारे नव्हते, म्हणून कोंबडी. आणि रोज शिट्ट्या मोजत ओट्याशी उभे राहणे जमणारे नव्हते, म्हणून हे यंत्र.

पहिल्या काही आठवड्यांत मी त्याला नावेच ठेवली. सोबतच्या पुस्तिकेतील प्रमाणाने पाणी घातले की सूप पाणचट होई, आणि सासूबाई वाटी पुढे सरकवून म्हणत, "अगं, कोंबडी नुसती बुडवून काढलीस की काय?" यातील गोम अशी की, गॅसवरच्या पातेल्यातून वाफ निघून जाते आणि रस आटतो, स्लो कुकरच्या झाकणाला लागलेली वाफ मात्र थेंब होऊन पुन्हा आतच पडते, त्यामुळे पाणी जवळजवळ मुळीच कमी होत नाही. आता मी तुकडे जेमतेम बुडतील एवढेच पाणी घालते.

खरे मत बदलले ते गावठी कोंबडीने. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिच्या हाडा-सांध्यांत काढून घेण्यासारखे फार काही नसते, आणि आठ तास ठेवली तर मांसाच्या नुसत्या दोऱ्या उरतात. तिला मंद आचेवर चार-पाच तास पुष्कळ झाले. गावठी कोंबडी वयाने मोठी, चिवट आणि हिंडलेली असते. प्रेशर कुकरमध्ये ती शिजते खरी, पण रस गढूळ होतो आणि मांस खरबरीत लागते. स्लो कुकरमध्ये उकळीच्या किंचित खाली सात-आठ तास राहिल्यावर तिच्या सांध्यांतील कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून त्याचे जिलेटिन, म्हणजे गार झाल्यावर जेलीसारखे घट्ट होणारे प्रथिन, होते. राजारामपुरीतल्या आमच्या चिकनवाल्याकडून मी मान आणि साफ केलेले पाय मुद्दाम मागून घेते, कारण जिलेटिनचा खरा साठा तिथेच असतो आणि ते मिळतातही स्वस्तात. असे सूप गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले तर सकाळी वर पिवळ्या चरबीची पातळ साय जमते आणि ती चमच्याने उचलली की खाली वाटी हलवताच थरथरणारा स्वच्छ, अंबरी रंगाचा थर दिसतो.

कृती अशी काहीच नाही. गाजर आणि कांदा तळाशी घालावेत, कारण या भांड्यात मांसापेक्षा गाजरच उशिरा शिजते. त्यावर कोंबडी, ठेचलेले आले-लसूण, हळद, चार मिरे आणि कोथिंबिरीच्या काड्या, मीठ शेवटी. गोठलेली कोंबडी तशीच घालू नये, ती धोक्याच्या तापमानात फार वेळ रेंगाळते. मध्येच झाकण उघडले की गेलेली उष्णता भरून यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेव्हा डोकावण्याची हौस आवरावी. उरलेल्या सुपाचा पांढरा रस्सा करायचा असल्यास नारळाचे दूध अगदी शेवटी घालावे, नाहीतर ते फुटते.

पौष्टिकतेबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. नुसते सूप पाजून रुग्णाला ताकद येते, हा समज अर्धवट आहे. जिलेटिन हे अपुरे प्रथिन आहे, त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) नसते. खरी प्रथिने मांसातच राहतात. म्हणून मी मांस सोडवून, बारीक करून सुपातच परत घालते, म्हणजे कवळी असली तरी ते खाता येते. सर्दीवरच्या गुणाबद्दल अमेरिकेतील स्टीफन रेनार्ड यांचा २००० सालचा अभ्यास हमखास सांगितला जातो, पण तो प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींच्या हालचालीवर केलेला होता, आजारी माणसांवर नव्हे.

आता पुन्हा त्या बटणांकडे. सेवा केंद्रात फोन केला, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे सांगितले, "मॅडम, हा बिघाड नाही, सेफ्टी फीचर आहे. तुम्ही इन्व्हर्टर घ्या की." मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. कुकर २१० वॉटचा, म्हणजे आठ तासांना जास्तीत जास्त १.६८ युनिट. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट साठवते आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच देते. एका कोंबडीपायी बॅटरी तळाला न्यायची आणि कुकरच्या कितीतरी पट खर्च करायचा, हा सल्ला देणाऱ्याने कधी स्वतःच्या खिशातून बॅटरी घेतली नसावी. बरे, या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली मिळाले आणि 'क्रॉक-पॉट' या नावाने ते १९७१ मध्ये तिथल्या बाजारात आले, तेव्हा त्यावर साधा खटका होता. खटका जिथे ठेवाल तिथेच राहतो. वीज आली की भांडे आपोआप तापू लागते. माझ्या नणंदेकडे असाच साधा, खटक्याचा कुकर आहे, माझ्यापेक्षा स्वस्त, आणि वळवाच्या दिवसांत तो जास्त उपयोगी पडतो. अर्थात खटक्याच्या कुकरमध्येही वीज दोन तासांहून अधिक गेली असेल तर आतले अन्न खाऊ नयेच. पण पाच मिनिटांच्या खंडाने रात्रभराचे काम वाया जात नाही.

सध्या मी रात्री सूप लावणे बंद केले आहे. सकाळी सातला लावून दुपारी तीनला काढते आणि वीज गेली की टाइमर पुन्हा बसवते. सासूबाईंना सूप इतके आवडते की यंत्र विकण्याचा विषय निघताच त्या माझ्याशी बोलणे सोडतात, तेव्हा ते घरातच राहणार. नवीन घेणाऱ्यांनी दुकानात एवढे करावे: भांड्यात तांब्याभर पाणी ओतून कुकर मंद आचेवर लावायला सांगावा, मिनिटभराने प्लग काढून पुन्हा घालावा, आणि कोणत्याही बटणाला हात न लावता दिवा लागतो का ते पाहावे. लागला नाही, तर दुकानदार पडद्याचे कितीही कौतुक करो, शेजारचा खटक्याचा कुकर उचलावा.