27,500 युरोची अल्फा स्पायडर: इंजिन खणखणीत, पत्रा तपासून घ्या

1974 ची अल्फा रोमिओ स्पायडर 2000 वेलोचे, म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची इटालियन स्पोर्ट्स कार. लाल रंग, काळं हूड (घडीचं छत), मागितलेले पैसे 27,500 युरो. इटलीतल्या तोरिनोच्या (ट्युरिनच्या) जरा बाहेर, जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाच्या शेडमध्ये उभी आहे. मी नोकरीसाठी याच शहरात असतो, कामही गाड्यांच्या ब्रेकचंच, त्यामुळे शनिवारी जाऊन बघितली आणि चालवलीही. विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो: गाडी घेण्यासारखी आहे, या किमतीला नाही.

स्पायडर पहिल्यांदा दिसली 1966 साली, जिनिव्हाच्या प्रदर्शनात. तिची बॉडी पिनिनफरिना या गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या कंपनीची, म्हणजे इथल्याच ग्रुल्यास्कोची. पहिल्या गाड्यांचं शेपूट गोल, निमुळतं होतं. 1970 पासून ते सरळ कापलं. शौकीन लोक गोल शेपटीवर जीव टाकतात आणि त्यासाठी बरेच जास्त पैसे मोजतात. मला कापलेलीच बरी वाटते, डिकीत निदान सामान तरी मावतं. 1983 नंतर काही वर्षं गाड्यांना मागे काळा रबरी स्पॉयलर चिकटवला होता, त्याबद्दल न बोललेलं बरं.

फोनवर एकच अट घातली होती, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावला तर कोमट. "जागा बदलायला काढली होती," इति विक्रेता. आता या गाड्यांचा सेकंड गिअरचा सिंक्रो (गिअर टाकताना दोन्हीकडचा वेग जुळवणारी कडी) हमखास झिजतो आणि थंड असतानाच कुरकुरतो, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. म्हटलं, होऊ दे गार, तोवर रॅम्पवर चढवा.

हे सांगितलं ते बरंच झालं. जाहिरातीत "पूर्ण रिस्टोअर केलेली" असं लिहिलंय. वरून बघाल तर रंग आरशासारखा. खालून सगळीकडे जाड काळं कोटिंग, आणि ते इतकं ताजं की बोटाला वास येतो. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून नेलं होतं. दाराखालच्या पत्र्यावरून पुढून मागे फिरवत गेलो. डावीकडे सगळीकडे घट्ट बसलं. उजवीकडे मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत सरळ घसरून हातात आलं. म्हणजे तिथे पत्रा नाही, पुट्टी भरलेली. पाणी निथळायची भोकंही कोटिंगने बुजवून टाकलेली, आता पाणी आतच साचणार आणि उरलेला पत्राही आतून खाणार. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं, तर जुन्या पत्र्यावरच नवीन ठिगळ मारलेलं. सडका पत्रा कापून काढायची तसदी कोणी घेतलेली नाही. याला रिस्टोअर म्हणत नाहीत, रंगकाम म्हणतात.

इंजिन मात्र दृष्ट लागावं असं. 1962 सीसी, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, वर दोन कॅमशाफ्ट, दोन डबल बॅरल कार्ब्युरेटर, 132 हॉर्सपॉवर. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्याच काळात कुर्ल्यात बनणारी आमच्या वडिलांची फियाट आठवा: चार गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांडीवर, आणि चारही चाकांना ड्रम. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघितलं, या इंजिनांचं हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) हा दुखरा भाग. पाणी स्वच्छ होतं. तेलाचा दाबही चांगला. कार्ब्युरेटर कोणीतरी मन लावून ट्यून केलेत, आयडलिंगला काटा हलत नाही.

मग पिनो तोरिनेसेच्या चढावर काढली. बसायची पद्धत खास इटालियन: पेडल जवळ, स्टिअरिंग लांब, त्यामुळे गुडघे वर आणि हात ताणलेले. गिअरचा दांडा डॅशबोर्डखालून जवळजवळ आडवाच तुमच्याकडे येतो. विचित्र दिसतो, पण दुसऱ्या वळणापर्यंत हाताला सवय होते. थर्डवरून सेकंड घेताना कर्रर्र आवाज आलाच. डबल क्लच मारला, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबला, की निमूट जातो. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे इंजिन असं काही गायला लागतं की उजवा पाय वर घ्यावासा वाटत नाही. खडबडीत रस्त्यावर टप नसल्यामुळे बॉडी थरथरते, आरशात मागची गाडी नाचताना दिसते. ते सगळ्याच स्पायडरमध्ये आहे. गतिरोधक मात्र जपून घ्या. ऑइल चेंबर खाली लोंबतो, तोही ॲल्युमिनियमचा, आपटला की तडा.

"पाऊस आला तर काय करणार?" हा बायकोचा प्रश्न. पुढचे दोन खटके लावायचे-काढायचे, बाकी हूड बसल्या जागेवरून एका हाताने ओढता येतं. महागड्या नव्या गाड्यांत हूड ओढणाऱ्या मोटारीला लागतो त्याहून कमी वेळ लागतो.

कागदपत्रं चोख. काळी मूळ नंबरप्लेट, तिच्यावर तोरिनोचं टीओ, हिचे शौकीन वेगळे पैसे देतात. इटलीच्या ऐतिहासिक गाड्यांच्या क्लबचं, एएसआयचं प्रमाणपत्र आहे. तीस वर्षांपुढच्या गाडीला इथे वार्षिक रोड टॅक्स माफ, रस्त्यावर काढली तर किरकोळ रक्कम भरायची.

आता हिशोब. दाराखालचा आणि पायाखालचा पत्रा नीट कापून बसवायचा तर ओळखीच्या डेंटरने पाच ते सहा हजार सांगितले. गिअरबॉक्स उतरवून सिंक्रो बदलायला आणखी हजार-बाराशे. इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात आणि परवडतात. खिसा रिकामा होतो तो पत्र्यात. म्हणून 21,000 सांगितले. विक्रेता मनापासून हसला. मी पुट्टीची जागा दाखवली, तसा हसायचा थांबला आणि 26 हजारांवर आला. त्यापुढे हलेना. निघताना म्हणाला, आता नोव्हेंबर आहे म्हणून घासाघीस करताय, एप्रिलमध्ये हीच 29 ला जाईल. जाईलही. ऊन पडलं की इथे कोणी गाडीखाली वाकून बघत नाही.