स्टेंटनंतर कोणती गोळी: क्लोपिडोग्रेल की टिकाग्रेलॉर?

स्टेंटमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमनीत बसवलेल्या जाळीच्या नळीत, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला यांपैकी एक गोळी येते. क्लोपिडोग्रेल स्वस्त, दिवसातून एकदाच. पण पोटात जाते तेव्हा ती झोपलेलीच असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला जागं करतं. हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर नेमाने घेतलेली गोळीही तोकडी पडते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर तसा चौकटीतला इशाराच छापायला लावला. आपल्या दक्षिण आशियात अशी निकामी प्रत बऱ्याच जणांत सापडते, म्हणून या जनुकाच्या चाचणीचं महत्त्व इथे अधिक.

टिकाग्रेलॉरला या एन्झाइमची गरज नाही. मात्र दिवसातून दोनदा घ्या, रक्तस्रावाचा धोका जास्त, काहींना धापही लागते.

चाचणी सामान्य आली आणि हृदयरोगतज्ज्ञांची हरकत नसेल, तर माझा कौल स्वस्त गोळीला.