भाडेवाढीच्या नोटिशीवर वकिलांचा तासाभराचा सल्ला (साडेतीन तारे)

गिरगावात आमची पागडीची खोली, भाडं महिना २८० रुपये. एप्रिलमध्ये मालकाच्या मेहताजीने नोटीस हातात ठेवली: पुढच्या महिन्यापासून १,१५०. वार्षिक वाढ २०, सुधारणा ५००, पालिकेचा कर ३५०. शेजारच्या काकूंनी धोबी तलावाजवळच्या एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. (त्यांना जाहिरात नको म्हणून नाव देत नाही.) तासाचे १,५०० रुपये.

बाईंनी लाल पेन काढलं आणि एकेक आकडा तपासायला घेतला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू २००० पासून. त्यातल्या कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के वाढ मालकाचा हक्कच. पण २८० चे ४ टक्के म्हणजे ११ रुपये २० पैसे. तिथेही ८.८० लाटलेच होते!

खरी गंमत त्या ५०० ची. इमारतीत नवी सोय किंवा सुधारणा केली तर ४ टक्क्यांच्या वर भाडं वाढवता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यासाठी ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते, आणि वाढ खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. मालकाने पंप, कॅमेरे आणि जिन्याच्या लाद्यांवर ४ लाख दाखवलेत. बाईंनी तिथेच हिशेब मांडला: वर्षाला ६०,०००, वीस बिऱ्हाडांत वाटले तर खोलीमागे महिना २५०. तेही १४ सह्या असतील तर. आमच्याकडे नऊ आहेत, त्यातल्या दोन एकाच घरातल्या. जिन्याचा रंगही त्या ४ लाखांत घुसवला होता. ती साधी डागडुजी, ती मालकानेच करायची.

कराचं कलम १२. कर वाढला असेल तर वाढलेली रक्कमच भाडेकरूंकडून घेता येते. यांनी अख्खं बिलच वाटून टाकलं होतं.

मुलाच्या लिव्ह अँड लायसन्सच्या फ्लॅटचंही विचारून घेतलं. तिथे हे ४ टक्के चालत नाहीत, करारात लिहिलं असेल तेच. बाई यावर दोनच वाक्यं बोलल्या, मला जरा जास्त हवं होतं.

दीड तारा का कापला? वेळ घेऊनही पाऊण तास बाकावर बसवलं, आणि फीची पावती मागितल्यावरच मिळाली. कलम ३१ खाली मालकाने भाड्याची पावती दिलीच पाहिजे, हे सांगणाऱ्या बाईंकडून!

नोटिशीचं उत्तर लिहून द्यायचे वेगळे २,००० होतात. मी ते स्वतःच लिहिलं, बाईंच्या लाल आकड्यांवरून. मेहताजी परवा आला आणि २९१ रुपये २० पैसे घेऊन गेला. पंपाचं मिटिंगमध्ये बघू म्हणाला.

जाणार असाल तर जुन्या भाडेपावत्या, कराचं बिल आणि नोटीस सोबत न्या. झेरॉक्सचं दुकान खालीच आहे.