खाऱ्या पाण्याचा फिशटँक: एक फुटी, दोन फुटी की तीन फुटी?

घरात खाऱ्या पाण्याच्या टँकचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "फार काही नको, छोटासाच करू." मीही असंच म्हणून टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात एक फुटी चौकोनी टँक ठेवला होता. गोड्या पाण्याचे मासे दहा वर्षं पाळलेले, तेव्हा आता फक्त मीठ घालायचं, असा माझा हिशेब. मे महिन्यात तीन दिवस लग्नाला साताऱ्याला गेलो. परत आलो तर पाणी बोटभर खाली, काचेला मिठाची पांढरी कड आणि थर्मामीटरवर ३२. दोन क्लाउनफिशपैकी एक गेलेला. दोष टँकचा नव्हता, माझा होता. पण तोच दोष मोठ्या टँकने पोटात घातला असता.

म्हणून ज्यांना कमी मेहनतीचा टँक हवाय, त्यांच्यासाठी तिन्ही मापं शेजारी शेजारी ठेवून बघू. आपल्याकडे टँक लिटरवर नाही, फुटावर विकतात, म्हणून मीही फुटातच बोलतो.

एक फुटी (१२ × १२ × १२ इंच) म्हणजे कागदावर २८ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता खरं पाणी २२-२४ लिटरच. दोन फुटी (२४ × १८ × १८) म्हणजे १२७ लिटर, खरं पाणी शंभराच्या आसपास. तीन फुटी (३६ × १८ × १८) म्हणजे १९१ लिटर, आणि खाली सम्प, म्हणजे स्टँडमधली पाण्याची दुसरी टाकी, ठेवला तर आणखी चाळीस-पन्नास.

छोट्या टँकविरुद्ध नेहमी सांगितलं जाणारं कारण असं: पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि कमी पाण्यात खारटपणा पटकन वाढतो. हे खरं आहे, पण सांगतात तितकं नाही. पाणी उडतं ते पृष्ठभागावरून. एक फुटीचा पृष्ठभाग एक चौरस फूट, दोन फुटीचा तीन. एक फुटीतून दिवसाला अर्धा लिटर उडत असेल, तर त्याच खोलीत दोन फुटीतून दीड लिटर उडणार. चार दिवस वरून पाणी घातलं नाही तर एक फुटीत खारटपणा ३५ वरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३८ च्या वर जातो, दोन फुटीत ३७ च्या थोडा पुढे. फरक आहे, पण दोन फुटी घेतला म्हणून बिनधास्त गावाला जाता येईल असा नाही. यावर उपाय माप नाही, ऑटो टॉप-ऑफ आहे: एक सेन्सर, एक चिमुकला पंप आणि शेजारी दहा लिटरचा कॅन. पातळी उतरली की तो कॅनमधलं पाणी आपोआप टँकमध्ये सोडतो. कॅनमध्ये साधं आरओचं पाणी ठेवायचं, खारं नाही. उडालंय ते पाणी, मीठ टँकमध्येच आहे. ही चूक नव्याने सुरू करणारे हमखास करतात.

छोटा टँक खरा मार खातो तो दोन ठिकाणी. एक, तापमान. चोवीस लिटर पाणी दुपारच्या काही तासांत खोलीच्या बरोबरीला येतं, शंभर लिटरला बराच वेळ लागतो. दोन, घाण. दगडामागे एखादा मासा मेला आणि दिवसभर लक्षात आलं नाही, किंवा घरातल्या लहानग्याने चिमूटभराऐवजी मूठभर खाऊ टाकला, तर एक फुटीत त्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संध्याकाळपर्यंत बाकीच्यांच्या जिवावर येतो. दोन फुटीत तुम्हाला एखादा दिवस मिळतो. मला विचाराल तर कमी मेहनतीचा खरा अर्थ हा एक दिवस.

मग तीन फुटी आणखी चांगला का नाही? पाण्याच्या हिशेबाने चांगलाच. घराच्या हिशेबाने नाही. पाणी, काच, दगड, स्टँड आणि सम्प धरून वजन तीनशे किलोच्या आसपास जातं. दोन फुटी पावणेदोनशेत बसतो. दोन्ही भिंतीलगतच ठेवायचे. बाल्कनीत कुठलाच नको, तिथे ऊनही आडवं येतं. पण माझा मुख्य आक्षेप सम्पला आहे. सम्प उत्तम गोष्ट आहे: सगळी यंत्रं खाली लपतात, पाणीही वाढतं. मात्र वीज गेली की वरच्या टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे सम्पकडे सांडणाऱ्या तोंडाच्या, पातळीपर्यंत खाली उतरतं, आणि सम्प आधीच काठोकाठ भरलेला असेल तर ते हॉलमध्ये येतं. नंतर खालच्या मजल्यावरचे काका छताचा ओला डाग दाखवायला वर येतात. दर वेळी पातळी बघायची, पाइपचे सांधे तपासायचे, कुरकुर आवाज कुठून येतोय ते शोधायचं, ही कामं शौकिनाला आवडतात. कमी मेहनत मागणाऱ्याला नाहीत.

थोडक्यात तिघे असे दिसतात:

| | एक फुटी | दोन फुटी, सम्पशिवाय | तीन फुटी, सम्पसह |
|---|---|---|---|
| खरं पाणी | २२-२४ लिटर | सुमारे १०० लिटर | २०० लिटरच्या आसपास |
| पाणी बदल | दर आठवड्याला अडीच लिटर | पंधरवड्याला १० लिटर | पंधरवड्याला २० लिटर |
| मीठ, महिन्याला | ४०० ग्रॅम | पाऊण किलो | दीड किलो |
| मासे | एक छोटा गोबी, किंवा फक्त कोळंबी आणि गोगलगाई | तीन-चार छोटे | पाच-सहा |
| चूक झाली तर | काही तास | एखादा दिवस | त्याहून जास्त |

मिठाच्या ओळीत छोटा टँक सरळ जिंकतो, आणि दहा लिटरची बादली उचलायचीही गरज नाही. पाठदुखी असेल तर हा मुद्दा क्षुल्लक नाही.

आता पाणी. समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत का घ्यायचं, हा मुंबईकरांचा रास्त प्रश्न. जुहू-दादरच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या गोड्या पाण्याने त्याचा खारटपणाही उतरतो. मालवणकडचं पाणी स्वच्छ असेल, पण दर पंधरवड्याला मालवणहून कॅन आणणं म्हणजे कमी मेहनत नव्हे. सिंथेटिक सी सॉल्ट, म्हणजे टँकसाठी बनवलेलं समुद्री मीठ, घ्यावं. जेवणातलं मीठ किंवा बाजारात मिळणारं खडा मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही ठरावीक प्रमाणात असतं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम पडतं, पुड्यावर लिहिलेलं बघून.

हे मीठ नळाच्या पाण्यात नको, आरओच्या पाण्यात. इथे एक खाच आहे. घरच्या प्युरिफायरमध्ये बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो आणि तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. आपल्याला ते नको असतं. सर्व्हिसला येणाऱ्या माणसाकडून मेम्ब्रेननंतरचं, म्हणजे गाळणाऱ्या पडद्यातून आलेलं, पाणी वेगळं काढून घेता येतं का ते विचारा, आणि टीडीएस मीटर स्वतःचं ठेवा, ते महाग नसतं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर त्या आरओला उरलेले क्षार शोषणारी डीआय कार्ट्रिज जोडणं भाग आहे. नाहीतर नायट्रेट आणि सिलिकेट पाण्याबरोबर आत येतात, आणि मग काचेवरचं शेवाळ खरवडता खरवडता कमी मेहनत कुठल्या कुठे जाते.

खारटपणा मोजायला काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त मिळतो, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा खोटा. रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर थेंबभर पाणी, वर झाकण, खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघायचं. निळं आणि पांढरं जिथे मिळतं ती रेघ ३५ वर, म्हणजे विशिष्ट घनतेच्या पट्टीवर १.०२६ च्या आसपास, हवी. तो साध्या पाण्यावर शून्याला लावण्यापेक्षा ३५ च्या कॅलिब्रेशन द्रवावर लावलेला बरा.

पैसे कुठे घालायचे हा प्रश्न आला की उत्तर शहरावर जातं. पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर झुळूक मारणारा छोटा फॅन दोन-तीन अंश सहज उतरवतो. किंमत एवढीच की पाणी दुप्पट उडतं, म्हणजे टॉप-ऑफ हवाच. मुंबई-ठाण्यात हवेत आधीच इतकी ओल असते की फॅन नुसता फिरतो. तिथे चिलर, आणि दोन फुटीला लागणारा चिलर टँक, स्टँड, लाइट या सगळ्यांपेक्षा महाग पडू शकतो. २०० वॉटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर दोन युनिट, महिन्याला ६०. तुमच्या वीजदराने गुणा. तो बंद कपाटात कोंबू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. मुंबईत ज्या खोलीत एसी रोज तसाही चालतो तिथेच टँक ठेवणं, हा चिलरपेक्षा शहाणा पर्याय. उलट पुण्याच्या जानेवारीत हीटर लागतो, मुंबईत क्वचित.

वीज जाण्याचं काय? पुणेकरांना दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा गुरुवार सांगायला नको. पंप दहा-पंधरा वॉटचा असतो, घरच्या इन्व्हर्टरवर खुशाल चालतो. चिलर आणि हीटर त्यावर टाकू नका. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा. वीज गेल्यावर आधी गरमी मारत नाही, प्राणवायू संपतो.

आत काय ठेवायचं, यातली एक निवड कायद्यानेच केली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली दगडी (चुन्याचा कठीण सांगाडा असलेले) प्रवाळ संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, बाळगणं, सगळं गुन्हा, आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. व्हिडिओंमध्ये दिसणारे रंगीबेरंगी फांद्यांचे टँक परदेशातले असतात. कुणी "सगळेच ठेवतात हो" म्हणून पुढे केलं तरी हात लावू नका, समुद्रघोड्यालाही नाही. खरं सांगायचं तर यात आपलं नुकसान फार नाही. रोज कॅल्शियम, अल्कलिनिटी मोजत डोस घालावे लागतात ते याच दगडी प्रवाळांसाठी. ते नाहीत म्हणजे ते कामही नाही, महागडा लाइटही नाही. दगडसुद्धा सिरॅमिकचे किंवा कारखान्यात बनवलेले घ्या, प्रवाळाचे तोडलेले नकोत. मशरूम आणि झोअँथिड हे प्रवाळासारखे मऊ जीव दगडी प्रवाळांत मोडत नाहीत आणि सांभाळायला सोपे असतात, पण घेण्याआधी नक्की काय देताय ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं: हातमोजे घालूनच हाताळायचे, आणि त्यांचा दगड गरम पाण्यात उकळून साफ करायचा नाही, वाफेनेही माणसं दवाखान्यात गेली आहेत. घरात लहान मुलं असतील तर मी ते ठेवणारच नाही.

माशांत क्लाउनफिशची जोडी पहिली. हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, जन्मलेलीच मागा. ती गोळी खाऊ लगेच खाते आणि समुद्रातून उचललेल्यांपेक्षा जास्त टिकते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची हॅचरी झाली. जोडी घेताना एक मोठा, एक लहान घ्या. सगळे जन्मतः नर असतात, मोठा होतो तो मादी बनतो, मग भांडणं होत नाहीत. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याने राहतात तो अॅनिमोन नावाचा जीव टँकमध्ये लागत नाही. त्यांच्यासोबत एखादा गोबी आणि एक क्लीनर श्रिम्प (माशांना साफ करणारी कोळंबी), खाली चार-सहा टर्बो गोगलगाई. बस्स. ब्लू टँग म्हणजे मुलांची डोरी फूटभर वाढते, तिला तीन फुटीसुद्धा तोकडा. मँडरिन दिसतो मोरासारखा, पण बहुतेक नव्या टँकमध्ये उपाशी मरतो.

दुकानात हमखास डॅमसेल मासा पुढे करतील: "स्वस्त आहे, आधी हा सोडा, टँक सेट होईल." नको. तो काटक असतो खरा, पण नंतर दगडांचा मालक बनून बाकीच्यांना पळवतो, आणि बाहेर काढायला अख्खा टँक उपसावा लागतो. टँक मासा न घालता, अमोनिया पचवणाऱ्या बॅक्टेरियाच्या बाटलीने आणि थोड्या अमोनियाने चार ते सहा आठवड्यांत तयार होतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत थांबायचं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पांढऱ्या वाळूवर कॉफी सांडल्यासारखा तपकिरी थर येतो. सगळे घाबरतात. तो डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतो, आपोआप जातो.

घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर? तीन-चार माशांना दोन फुटीत नको. त्याचा कप आठवड्याला धुवावा लागतो आणि वास घरच्यांना सोसवत नाही. पाणी बदल पुरतो.

एवढं सगळं वाचून थकवा आला असेल तर गोड्या पाण्याचा दोन फुटी करा, त्यात काही कमीपणा नाही. पण निळ्या उजेडात कोळंबी क्लाउनफिशच्या गालावर चढून दात कोरते ते एकदा पाहिलंत, तर गोडं पाणी नंतर थोडं फिकं वाटतं हेही खरं.

माझा आता दोन फुटी आहे: सम्प नाही, फॅन आहे, टॉप-ऑफ आहे, हॅचरीतली क्लाउनफिशची जोडी आणि एक गोबी. रोज दोन मिनिटं, रविवारी काच पुसायला आणि कॅन भरायला दहा, पंधरवड्याला पाणी बदलायला पाऊण तास. पाणी आदल्या रात्री बादलीत पंप सोडून कालवून ठेवतो. करणार असाल तर दिवाळीनंतर सुरू करा. थंडीत टँक तयार होतो, मासे रुळतात, आणि मे येईपर्यंत दुपारी तीन वाजता आपलं पाणी किती चढतं ते तुम्हाला पाठ झालेलं असतं.