मेंढ्यांना जीवनसत्त्व: टोचावं की खुराकातून द्यावं?

उन्हाळाभर कडबा आणि वाळकं गवत खाऊन राहिलेल्या मेंढीला मुख्यतः अ आणि ई ही दोन जीवनसत्त्वं कमी पडतात. ब गटातली बहुतेक तिच्या पोटातले जंतू तयार करतात, क तिचं यकृत बनवतं, आणि आपल्या उन्हात ड ची काळजी क्वचितच.

रक्ततपासणीवर पैसे घालण्याआधी एक लक्षात घ्या. अ यकृतात साठतं. पावसाळ्यात पोटभर हिरवं चरलेल्या मेंढीला हा साठा कित्येक महिने पुरतो, आणि तो संपत येईपर्यंत रक्तातला आकडा फारसा हलत नाही. म्हणजे अहवाल चांगला आला, तरी यकृत रिकामं होत आलेलं असू शकतं. ई चं तसं नाही. त्याचा साठा थोडा. ओला चारा तुटला की काही आठवड्यांत आकडा उतरतो. तो फार खाली गेला तर कमतरता धरतात. त्यामुळे माझ्या मते तपासायचंच तर ई तपासा. नमुना मात्र उजेडापासून झाकून, थंड ठेवून पाठवा.

इंजेक्शननं पातळी लवकर चढते. वाडा आज इथे, उद्या तिथे अशा फिरत्या कळपाला तेच सोयीचं. पण ई चा चढलेला आकडा फार दिवस टिकत नाही. शिवाय ई सोबत बहुतेकदा सेलेनियम हे खनिज असतं आणि ते जास्त झालं तर विषारी ठरतं, म्हणून वजनाच्या अंदाजावर टोचू नका.

खुराकातली पूड हळूहळू काम करते, पण पातळी टिकवून धरते. बंदिस्त पालनात मी हीच निवडेन. अ चा काही भाग पोटातच नासतो, दांडगी मेंढी दुबळीचा वाटा खाते, आणि पत्र्याखाली तापलेल्या पोत्यातली पूड निकामी होत जाते. एवढं सांभाळावं लागतं. रोज थोडा हिरवा लसूणघास मिळत असेल, तर पूड बहुधा लागतच नाही.

गाभण मेंढीचा हिशेब वेगळा. ई गर्भात फार थोडं उतरतं, कोकराला ते मिळतं चिकातून. म्हणून विण्याआधी महिना-दीड महिना खुराक सुरू करा. तेवढे दिवस हातात नसतील तर डॉक्टरांना विचारून इंजेक्शन द्या, आणि कोकरू जन्मल्या-जन्मल्या चीक पितंय का ते स्वतः पाहा. कोकरू ताठ पायांनी चालू लागलं, उठेना झालं, तर पुडीची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.