सातव्या महिन्यातली झोप: लाइव्ह क्लास की ऑडिओ?
जुळे सोलापूरच्या वहिनींना सातवा लागलाय, झोप नाही, विचारत होत्या माइंडफुलनेसचा (मन आत्ताच्या क्षणावर, श्वासावर, शरीरावर ठेवायचा सराव) ऑनलाइन क्लास लावू का नुसते ऑडिओ ऐकू. मी दोन्ही केलंय.

क्लासला पैसे जातात, 8 आठवडे ठरल्या वेळी बसावं लागतं (जॉन कबाट-झिन यांनी 1979 ला सुरू केलेल्या कोर्सचा हाच साचा), पण मन भरकटलं तर विचारायला कुणीतरी असतं.

ऑडिओ फुकट, आणि रात्री 3 ला लघवीला उठून परत डाव्या कुशीवर पडलं, गुडघ्यात उशी, वर सोलापूरचा उकाडा, तेव्हा तोच कामाला येतो, पायाच्या बोटांपासून एकेक अवयवाकडे लक्ष नेत गेलं की कंबरेपर्यंत पोचायच्या आत माझा डोळा लागायचा. फक्त तो ऐकायचा नेम चार दिवसांत सुटतो.

पहिलटकरीण, जीव घाबरतोय, तर क्लास. नोकरी आणि घर दोन्ही, तर ऑडिओ. तळहात-तळपाय खाजून झोप मोडत असेल तर आधी डॉक्टर गाठा वहिनी.